सण कोणाच्या घरचा? : अहिल्यानगर जिल्ह्यातील बालशिक्षण आणि सण-उत्सवांचे अध्यापन

प्रस्तावना

भारतीय समाजजीवनात सण-उत्सवांना अनन्यसाधारण महत्त्व आहे, हे वाक्य शालेय निबंधापासून शोधनिबंधापर्यंत सर्वत्र आढळते. ते खोटे नाही. परंतु तीन ते आठ या वयोगटातील मुलाला सण शिकवायचा म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. पूर्वप्राथमिक स्तरावर हा विषय सर्वांत सोपा समजला जातो. भिंतीवर सणांचा तक्ता असतो, त्यावर महिना, सणाचे नाव आणि एक चित्र असते. बाई नाव उच्चारतात, मुले मागून म्हणतात, सणाच्या आदल्या दिवशी मुले नटून येतात, छायाचित्र निघते आणि घटक पूर्ण झाला असे मानले जाते.

हा तक्ता एका विशिष्ट घराचा आहे, ही गोष्ट मात्र सहसा लक्षात येत नाही. त्या घरात दिवाळीला सर्व माणसे घरी असतात, बाप जिवंत असतो, दाराशी अंगण असते आणि पंचांग एकच असते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या चौदा तालुक्यांच्या आणि क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या जिल्ह्यात अशी घरे पुष्कळ आहेत. तशी नसलेलीही पुष्कळ आहेत. सणाचा पाठ तक्त्यापासून सुरू करावा की मुलाच्या घरापासून, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा काळ ‘पायाभूत स्तर’ म्हणून एकत्र आणला आणि त्यासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे अंगणवाडीतील हा ‘सोपा’ विषय आता शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, गृहविज्ञान आणि मराठी या विषयांच्या प्राध्यापकांच्याही विचारकक्षेत येतो.

लहान मुलाला सण कसा कळतो?

चार वर्षांच्या मुलाला ‘श्रावण अमावास्या’ ही कालगणना कळत नाही. ‘उद्या’ आणि ‘परवा’ यांतील फरकही त्याच्या मनात अजून पुरता स्थिरावलेला नसतो. जाँ पियाजे यांनी दोन ते सात वर्षांच्या या अवस्थेचे जे वर्णन केले, त्याचा येथे उपयोग एवढाच, की या वयातील विचार समोर दिसणाऱ्या वस्तूला आणि प्रत्यक्ष कृतीला चिकटून असतो. मुलाला सण कळतो तो हातांनी, नाकाने आणि घरातील बदललेल्या हालचालींनी. नेहमी रागावणारी आजी आज रागावत नाही, चुलीपाशी जाऊ देत नाहीत, आत्या आलेली आहे, गुळाचा वास येतो आहे, हे त्याचे सणाचे ज्ञान होय.

पोळ्याचेच उदाहरण घ्यावे. तक्त्यावर सजवलेल्या बैलाचे चित्र असते आणि खाली ‘बैलाविषयी कृतज्ञता व्यक्त करण्याचा सण’ असे लिहिलेले असते. कृतज्ञता ही अमूर्त कल्पना आहे. ती पाच वर्षांच्या मुलाला सांगून कळत नाही. परंतु आदल्या संध्याकाळी होणारी खांदेमळणी त्याला पूर्ण कळते. जूवाखाली वर्षभर घासलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप किंवा तेल चोळले जाते. ‘बैलाला तिथे दुखते म्हणून चोळायचे’ एवढे वाक्य पुरते, कारण मुलाच्या स्वतःच्या गुडघ्यालाही असे तेल लागलेले असते. दुसऱ्या दिवशी बैल धुणे, शिंगांना हिंगूळ लावणे, नवी वेसण, नवा कासरा, गोंडे, घुंगरमाळ, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग आणि शेवटी पुरणपोळीचा घास असा क्रम असतो. यातील प्रत्येक शब्द एका वस्तूचा आहे आणि प्रत्येक वस्तू हातात धरता येते. भाषाशिक्षणाच्या दृष्टीने एवढी संपन्न शब्दसंपत्ती तयार तक्त्यांत क्वचितच सापडेल. आता ट्रॅक्टरमुळे अनेक दावणी मोकळ्या झाल्या आहेत. तेथे मातीचे बैल करून पुजण्याची प्रथा आहेच, आणि मुलाच्या दृष्टीने मातीचा बैल हा खऱ्या बैलाहून कमी नसतो. किंबहुना तो त्याने स्वतः केलेला असतो.

घटस्थापना हे याहूनही बोलके उदाहरण आहे. देवघरात पत्रावळीवर किंवा परडीत काळी माती पसरतात, तीत धान्य पेरतात, मध्ये पाण्याने भरलेला घट ठेवतात आणि रोज एक माळ घालतात. नऊ दिवसांत बोटभर, कधी वीतभर अंकुर येतात व दसऱ्याला ते तुरे टोपीत किंवा पागोट्यात खोवले जातात. हे सारे मूल रोज पाहत असते. कोणी त्याला ‘निरीक्षण कर’ असे सांगत नाही. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यातील तुरे पिवळट का आणि अंगणात सांडलेल्या दाण्याचे रोप हिरवे का, हा प्रश्न विचारणारे मूल विज्ञानाच्या दारात उभे असते. प्रश्न मुलानेच विचारावा म्हणून वाट पाहण्याचा संयम मात्र शिक्षिकेजवळ हवा, आणि तक्ता हा त्या संयमाचा शत्रू आहे.

एका जिल्ह्यातील अनेक पंचांगे

आश्विन वद्य द्वादशीला जिल्ह्याच्या मैदानी भागात वसुबारस होते. गाय आणि वासरू यांची पूजा होते. त्याच दिवशी अकोले तालुक्यातील डोंगराळ भागात महादेव कोळी समाजात वाघबारस साजरी होते. तिथी एकच, परंतु एका ठिकाणी गाय पुजली जाते आणि दुसऱ्या ठिकाणी तिच्यावर झडप घालणारा वाघ. यात विरोध नाही. रानात गुरे चारणाऱ्या माणसाला गाय वाचवायची असेल, तर वाघोबाशी सलोखा ठेवावा लागतो. राजूर परिसरातील मुलाच्या हाती केवळ वसुबारसेचे चित्र दिले, तर त्याला ‘आपल्या घरी होते ते पुस्तकात नाही, म्हणजे ते खरे नाही’ असा अर्थ लागतो. पुढे हेच मूल महाविद्यालयात येते, तेव्हा ‘आमच्याकडे विशेष काही सण नसतात’ असे सांगते.

विजयादशमीचेही तसेच आहे. एका घरी शस्त्रपूजा व आपट्याची पाने, दुसऱ्या घरी १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची आठवण. शिर्डीत तर त्याच तिथीला श्रीसाईबाबांची पुण्यतिथी असते; त्यांचे देहावसान १५ ऑक्टोबर १९१८ रोजी विजयादशमीला झाले. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे सप्टेंबर महिन्यात मतमाउलीची यात्रा भरते आणि तिला येणारे भाविक केवळ ख्रिस्ती नसतात. नगर शहरात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन आणले. त्यामुळे येथील नाताळ ऐकायला गेले तर कानावर पडणारी चाल अनोळखी वाटत नाही.

मोहरमच्या बाबतीत विशेष सावधगिरी आवश्यक आहे. नगर शहरातील कोठला परिसर आणि तेथून निघणाऱ्या सवाऱ्या प्रसिद्ध आहेत. अनेक हिंदू कुटुंबेही तेथे नवस बोलतात. तथापि मोहरम हा आनंदोत्सव नव्हे, ती करबलाच्या हौतात्म्याची आठवण आहे. सणांच्या यादीत त्याचे नाव घालून मुलांकडून ‘शुभेच्छा’ म्हणवून घेणे हे अज्ञान आहे, मग हेतू कितीही सद्भावनेचा असो. शोकाचाही दिवस माणसे एकत्र येऊन पाळतात, ही गोष्ट मुलांना कळू शकते. त्यांच्या घरी कोणाचे वर्षश्राद्ध झालेले असतेच.

वार्षिक नियोजनातील एक तांत्रिक अडचणही येथे नोंदविली पाहिजे. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे ईद दरवर्षी मागे सरकते आणि सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंमधून फिरून येते. मराठी पंचांगात अधिक मासाच्या योजनेमुळे सण ऋतूशी बांधलेले राहतात, नाताळ तारखेला बांधलेला आहे. ‘ईद – अमुक महिना’ असे एकदा छापून ठेवलेले नियोजन तीन-चार वर्षांतच चुकीचे ठरते. तक्ता भिंतीवर तसाच राहतो.

कोयत्याबरोबर गेलेली दिवाळी

वरील विविधता धर्म, जमात आणि प्रदेश यांची आहे. तिची चर्चा निदान परिसंवादांत तरी होते. याहून कमी बोलली जाणारी विविधता पोटाची आहे. प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या कालव्यांनी भिजणारा उत्तर भाग उसाचा आहे. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने १९५० च्या अखेरीस पहिले गाळप सुरू केले आणि पुढे या पट्ट्यात साखर कारखान्यांची रांग उभी राहिली. दुसरीकडे पाथर्डी, शेवगाव, जामखेड हा पर्जन्यछायेतील भाग ऊसतोडणीसाठी माणसे पुरवितो. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे दसऱ्यानंतर, दिवाळीच्या मागेपुढे टोळीने निघतात आणि हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. मोठ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, आजी-आजोबा असतात. दूधपित्या आणि अंगणवाडीच्या वयाच्या मुलांना मात्र मागे ठेवणे कठीण, म्हणून ती फडावर जातात. १९९० च्या दशकात ‘जनार्थ’ सारख्या स्वयंसेवी संस्थेने कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा सुरू केल्या. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हक्क दिला. पायाभूत स्तराची पहिली तीन वर्षे त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

या मुलाचे वर्ष तक्त्याशी ताडून पाहावे. नवरात्र गावी होते. पाथर्डी तालुक्यात असेल तर मोहटादेवीच्या गर्दीत बापाच्या खांद्यावर बसून. त्यानंतर सामान बांधले जाते. तक्त्यावरील दिवाळी, नाताळ, संक्रांत आणि बहुधा होळीही कोपीत जाते. पहाटे अंधारातच आई-बाप फडावर गेलेले असतात, धाकट्या भावंडाला मोठी बहीण सांभाळते. गावच्या अंगणवाडीत या काळात हजेरीपटावर गैरहजेरी लागते आणि सणांचे घटक शिकवून होतात. मूल परत येते ते पाडव्याच्या आसपास. ‘दिवाळीला तुमच्या घरी काय काय केले?’ असा प्रश्न एखादी शिक्षिका उजळणीत सहज विचारते. प्रश्नात दोष दिसत नाही. पण त्या मुलाजवळ उत्तर नसते, किंवा असते ते सांगण्यासारखे नाही असे त्याला वाटते. त्या दिवशी ते सण शिकत नाही. आपले घर सांगण्यासारखे नाही, हे शिकते.

संक्रांतीचे एक दृश्य येथे आठवते तसे मांडणे योग्य होईल. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहान मुलांचे बोरन्हाण करण्याची प्रथा आहे. काळे झबले, हलव्याचे दागिने आणि पाटावर बसलेल्या मुलाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, बत्तासे आणि उसाचे करवे ओततात. जमलेली मुले ते वेचतात. सुगडातही उसाचा तुकडा असतोच. त्याच आठवड्यात त्याच तालुक्यात त्याच वयाचे दुसरे मूल उसाच्या फडाच्या बांधावर पाचटात बसलेले असते. ऊस दोघांच्याही हातात असतो. सणाचा पाठ या दोन मुलांना एका ओळीत बसवून घ्यावयाचा आहे, आणि करवा कोठून आला हा प्रश्न त्या पाठात येऊ द्यावयाचा की नाही, हे शिक्षिकेलाच ठरवावे लागते. तो यावा. मात्र दया उत्पन्न करण्यासाठी तो येऊ नये. वाढे म्हणजे काय, मोळी कशी बांधतात, टायरगाडीला बैल कसे जुंपतात, हे त्या वर्गात फक्त एकालाच ठाऊक असते. त्याला ते सांगू द्यावे.

परतलेल्या मुलाचा सण तक्त्यावर नसला तरी गावात असतो. पाथर्डी तालुक्यातीलच मढी येथे कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत भरते. भटक्या-विमुक्त समाजांतील असंख्य कुटुंबांसाठी ही वर्षातील भेटीगाठीची जागा. तेथील गाढवांचा बाजारही प्रसिद्ध आहे. पाडव्याला गळ्यात साखरेची गाठी घालून वर्गात आलेल्या मुलाजवळ या यात्रेच्या कितीतरी गोष्टी असू शकतात. विचारणारे कोणी हवे.

घरगुती समारंभ : कोण आत, कोण बाहेर

बारसे, जावळ, वाढदिवस, लग्न हे घरगुती समारंभ मुलाला सार्वजनिक सणांपेक्षा आधी कळतात, कारण त्यांच्या केंद्रस्थानी ओळखीचा माणूस असतो. परंतु समारंभात जसे बोलावणे असते तसे वगळणेही असते, आणि मुले ते फार लवकर टिपतात. संक्रांतीनिमित्त अंगणवाडीत मातांचे हळदीकुंकू ठेवले जाते. वाण लुटले जाते. वैधव्य आलेली आई अशा दिवशी घरीच थांबते किंवा मागे उभी राहते आणि तिचे चार वर्षांचे मूल ते पाहते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. ठरावाची वाट न पाहता शिक्षिकेला करता येण्याजोगी गोष्ट साधी आहे : कार्यक्रमाचे नाव ‘तिळगूळ’ ठेवावे आणि निमंत्रण प्रत्येक मुलाच्या घरी द्यावे, ‘आई’ऐवजी ‘घरातील कोणीही’ असे लिहून.

ज्या घरात मृत्यू झाला आहे, तेथे त्या वर्षी गोडधोड होत नाही. अशा मुलाला ‘काय गोड खाल्ले?’ हा प्रश्न विचारू नये, एवढे भान पुरेसे आहे. सणापूर्वी कोणत्या घरी यंदा सण नाही याची चौकशी करणे हा नियोजनाचाच भाग समजला पाहिजे. गावात ती माहिती मिळण्यास वेळ लागत नाही; शहरात लागतो.

अध्यापनाची दिशा

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या आदिवासी भागात नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, या त्यांच्या विचारातून अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा उभी राहिली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हा शब्द देशभर नेला. शब्द गेला, त्यामागील दिशा मात्र उलटली. अंगणातून शाळेकडे जाण्याऐवजी तक्ता शाळेतून अंगणावर लादला जाऊ लागला. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडण्याचा आग्रह धरला होता, त्यालाही आता दोन दशके झाली.

दिशा पुन्हा सुलट करण्यासाठी खर्चिक साहित्य लागत नाही, प्रश्न बदलावे लागतात. ‘दिवाळीला काय केले?’ याऐवजी ‘तुमच्या घरी पाहुणे कधी येतात?’, ‘सगळे मिळून कधी जेवता?’, ‘नवा कपडा कधी घेतला होता?’ असे विचारता येते. या प्रश्नांना प्रत्येक मुलाजवळ उत्तर असते आणि सणाचे नाव त्या उत्तरातूनच येते. नाव आधी दिले की मुले नावाबरहुकूम उत्तर देतात. बाईंना हवे ते उत्तर ओळखण्यात मुले वाकबगार असतात. दुसरी गोष्ट, सण होऊन गेल्यावर त्याविषयी बोलावे. आदल्या दिवशीच्या वेशभूषेपेक्षा नंतरच्या दिवशीच्या गप्पांत अधिक शिक्षण असते. तिसरी, घरातील जाणत्या माणसाला वर्गात बोलवावे. वाघबारसेची गोष्ट सांगणारे आजोबा, शीरखुर्मा कसा करतात ते सांगणारी खाला, शेणाचे पांडव घालून दाखविणारी आजी यांना भाषणाची गरज नसते, हात दाखविले तरी पुरते.

येथे एक शंका उपस्थित होते. शासकीय अंगणवाडीत धार्मिक सण शिकवावेत काय? राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शेजाऱ्याच्या घरी काय होते हे जाणून घेणे आणि वर्गात पूजा करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली शिक्षण आहे, दुसरी नाही. ‘शबानाच्या घरी असे करतात’ आणि ‘पीटरच्या घरी असे करतात’ ही वाक्यरचना या दृष्टीने निर्धोक आहे. मात्र ‘आपण असे करतो’ या वाक्यातील ‘आपण’ म्हणजे कोण, हे शिक्षिकेने बोलण्यापूर्वी मनाशी तपासावे. बहुसंख्येच्या सणाला ‘आपण’ आणि उरलेल्यांना ‘ते लोक’ ही विभागणी भाषेतून नकळत होते, आणि पाच वर्षांचे मूल व्याकरण शिकण्यापूर्वी सर्वनामांचे हे राजकारण शिकते.

जिल्ह्यातील महाविद्यालयांना येथे करण्यासारखे काम आहे. मराठी विभागातील विद्यार्थी बहुतांशी याच गावांतून येतात. आपल्या आजीकडून सणांची तालुकावार शब्दावली नोंदविणे त्यांना एका सुटीत शक्य आहे. एका तालुक्यात ज्याला गौरी म्हणतात, त्याला दुसरीकडे महालक्ष्म्या म्हणतात. भोंडल्याला कोठे हादगा म्हणतात. अशा नोंदी तयार झाल्या, तर अंगणवाडी सेविकेला तयार तक्त्याऐवजी गावची यादी वापरता येईल. सेविकेवर पोषण आहारापासून सर्वेक्षणांपर्यंत कामांचा जो भार आहे तो पाहता, तिनेच हे संकलन करावे अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल.

प्रत्यक्ष वर्गासाठी एक कृती सुचविता येते. बारा महिन्यांचे बारा कोरे कागद भिंतीवर एका ओळीत लावावेत, चित्र किंवा सणाचे नाव आधी काहीही लिहू नये. प्रत्येक महिन्यात ज्याच्या घरी जे झाले, त्याचे चित्र त्याने त्या कागदावर काढावे. चैत्रात परतलेल्या मुलाला मागील पाच-सहा कागदांवर स्वतःचे चित्र दिसणार नाही. तेथे त्याच्यासाठी जागा राखलेली असावी, आणि खडू त्याच्या हातात द्यावा. कोपी, टायरगाडी, चुलीवरची भाकरी, कारखान्याचे धुराडे, रात्री दिसणारे त्याचे दिवे, असे त्याला जे आठवेल ते त्याने कार्तिक-मार्गशीर्षाच्या कागदावर काढावे. इतरांच्या आकाशकंदिलांशेजारी ते चित्र वर्षभर राहू द्यावे.